मुश्ताकचा टप आणि लच्छूचं ‘देऊन राह्यलो’

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसली होती. अंड्यांवर बसली होती, त्यामुळे उठायचं नाव घेईना. मुश्ताकनं दार उघडलं तर तिनं त्याच्या बोटाला चोच मारली. मी हसलो, लच्छू हसला. मुश्ताक मात्र बोट तोंडात धरून त्या गाडीकडे असा पाहत होता, की मी मनात म्हटलं, हा माणूस आता कामातून गेला.

मुश्ताक म्हणजे आमच्या चामोर्शीचा सीटकव्हरवाला. माझं सायकलचं दुकान आणि त्याचं दुकान यांच्यात एकच भिंत. आता माझं दुकान मुलगा चालवतो आणि मी दिवसभर मुश्ताकच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्टी सांगतो. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही तिकडंच बसा, इकडं गिऱ्हाईक घाईत असते. मुश्ताकच्या गिऱ्हाइकाला घाई नसते. त्याला टप शिवून हवा असतो, आणि टप काही पंक्चर नाही की लावलं ठिगळ आणि गेला माणूस. जीपवर, ऑटोवर लोखंडी कमानी असतात ना, त्यांच्यावर ताणलेलं जे कापडी छप्पर, त्याला आमच्याकडे टप म्हणतात. मुश्ताक टप शिवतो, ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो, मोटारसायकलच्या सीटा भरतो. आतल्या खोलीत दुसरी मशीन, त्या मशीनवर हाजराबाई, त्याची बायको. बाहेरच्या मशीनपेक्षा आतली मशीन जास्त चालते, हे मी भिंतीतून ऐकून सांगतो.

आणि लच्छू म्हणजे मुश्ताकचा शाळेपासूनचा मित्र. आष्टीकडच्या गावचा. दोघांचं आयुष्य अबे-तुबेत गेलं. लच्छूच्या गावची शाळा सातवीत संपत होती, म्हणून त्याची पोरगी दीपिका पुढची सगळी शाळा मुश्ताकच्या घरी राहून शिकली. मुश्ताकची सायमा आणि ती एका ताटात जेवत. हाजराबाई दोघींच्या वेण्या घालायची आणि घालता घालता दोघींना सारख्याच शिव्या द्यायची. पुढं सूरजागडहून लोखंडाच्या दगडाचे ट्रक सुरू झाले तसे लच्छूनेही ट्रक लावले. ट्रकमागून ट्रक आले, बंगला आला, गळ्यात साखळी आली. पण त्याच्या एकूणएक ट्रकची ताडपत्री मुश्ताकच शिवायचा, आणि लच्छू येऊन याच बाकावर, माझ्या शेजारी बसायचा.

तर ती गाडी. चंद्रपूरकडच्या एका ट्रकवाल्याशी लच्छूचा काही व्यवहार होता, त्यात ती त्याच्या गळ्यात पडली. दोनच माणसांची, बसकी, लाल, रेसच्या गाडीसारखी नाकाड पुढं काढलेली. छप्पर कापडाचं, मागं दुमडून ठेवता येईल असं. म्हणजे एके काळी येत असेल. आता त्या कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या आणि गाडी लच्छूच्या अंगणात चिंचेखाली कोंबड्यांचं बाळंतघर झाली होती.

“याच्यात धानाचं एक पोतं बसत नाई,” लच्छू म्हणाला. “काय करू मी याले?”

“अबे, मले दे,” मुश्ताक म्हणाला. चेष्टेत म्हणाला की खरं, ते त्यालाही ठाऊक नसेल.

“घेऊन जा ना बे. तुलेच देऊन राह्यलो.”

हे वाक्य माझ्यासमोर झालं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण कान चांगले आहेत.

आता इथं थोडं थांबून तुम्हाला आमची भाषा सांगावी लागेल, कारण सगळी गोम तिच्यातच आहे. आमच्या गुरुजींनी तीन काळ शिकवले होते. छडी मारून शिकवले म्हणून अजून आठवतात. पण गुरुजी होते विदर्भाबाहेरचे. आमच्या झाडीपट्टीत एक चौथा काळ आहे हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. ‘येऊन राह्यलो’ म्हणजे माणूस येत आहे, असं तुम्ही समजाल. माझा साळा फोनवर ‘येऊन राह्यलो’ म्हणतो तेव्हा तो कधी वाटेत असतो, कधी आंघोळीला बसलेला असतो, आणि एकदा तर तो येऊनही गेला होता, मीच घरी नव्हतो! झालेलं, चाललेलं, होणार असलेलं, मनात नुसतं आलेलं, सगळं त्या एका ‘राह्यलो’त मावतं. आम्ही बोलणाऱ्याचं तोंड पाहून समजून घेतो. मुश्ताकनं मित्राचं तोंड पाहिलं आणि समजून घेतलं की गाडी दिली.

ट्रॅक्टरला दोर बांधून ती ओढत आणली. हाजराबाई दारात उभी.

“अजी, हे काय उचलून आनलं?”

“गाडी आहे.”

“गाडी? टप कुठी आहे याचा?”

“टप आपन शिवू ना.”

ती गाडीभोवती फिरली. चिंधी दोन बोटांत धरून तिनं शिलाई पाहिली. “शिवनाऱ्याले लाज नव्हती,” म्हणाली आणि आत गेली. मला तेव्हाच कळलं, ही बाईही गेली कामातून.

मुश्ताकनं ठरवलं होतं की गाडी कुठल्याही गॅरेजात न्यायची नाही. सगळं आपण करायचं. त्याला शिवणकाम येत होतं, बाकीचं मोबाईलवरून शिकायचं. व्हिडिओत एक गोरा माणूस अशीच गाडी खोलायचा. त्याचं बोलणं आम्हाला समजत नव्हतं, म्हणून आवाज बंद करून आम्ही फक्त त्याचे हात पाहायचो. मोबाईल मी धरायचो. मोबाईल धरणं सोपं नाही, हात भरून येतो. त्या गोऱ्याच्या देशात स्टेअरिंग डावीकडं असतं, हे आमच्या लक्षात आलं ते वायपर बसवून झाल्यावर. पाणी मारून वायपर सुरू केला, तर शेजारच्या माणसासमोरची काच लखलखीत आणि ड्रायव्हरसमोर चिखल! मी इतका हसलो की मला ठसका लागला. मुश्ताकही हसला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत खोलून बसला.

गाडीचा तळ गंजून गेला होता. पाय ठेवला की खालचा रस्ता दिसायचा. आमच्याकडे घराघरात जुने कूलर सडत पडलेले असतात. अशाच दोन कूलरचा पत्रा कापून त्यानं तळाला रिबिट मारले, वर डांबर फासलं, त्यावर ट्रकच्या ट्यूबचं रबर. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्या नव्या ओढल्या, आणि रंगाच्या वायरी संपल्या म्हणून सगळ्या काळ्याच ओढल्या. मग कुठली वायर कुठं जाते हे तोही विसरला. एक महिनाभर हॉर्न दाबला की डावा दिवा लागत होता. बॉडी फायबरची. पाण्याच्या टाक्या जोडणाऱ्या एका माणसाकडून तो तडे भरायला शिकला. ते काम काढलं ऐन मे महिन्यात. चंद्रपूर-गडचिरोलीचा मे तुम्ही पाहिला नसेल तर नशीबवान आहात. ते फायबरचं औषध डब्यात कालवलं, ब्रश बुडवला, मी “मुश्ताक, पानी पितो का?” विचारलं, तो पाणी प्यायला, आणि तेवढ्यात डबा, औषध आणि ब्रश मिळून एक दगड झाला होता.

इंजिनाचं सामान नागपुरातही मिळत नव्हतं. दुकानदार गाडीचं नाव ऐकून म्हणाला, “काका, ते आता संग्रहालयात पाहा.” मग मुश्ताकनं एकेक भाग दुसऱ्या गाड्यांचा बसवला. पेट्रोलचा पंप कुणाचा, अल्टरनेटर कुणाचा, काचेचं रबर एसटीच्या खिडकीचं. आमचे रस्ते पाहून गाडी थोडी उचलावी लागली, तर स्प्रिंगखाली ट्रकच्या टायरच्या जाड चकत्या कापून घातल्या. गाडी बदकासारखी दिसायची ती कोंबड्यासारखी दिसू लागली. ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी सायलेन्सरमधून एवढा धुराचा लोट निघाला की समोरच्या हॉटेलवाल्यानं भज्यांवर ताट झाकलं.

पण खरा टप. टप मुश्ताकला हरवत होता. आयुष्यभर टप शिवले ते ताणून बसवायचे. एकदा बसवला की बसला. हा टप बसवायचा आणि उठवायचाही, आणि मागं असा निजवायचा की कमानीत कापड चिमटायला नको. त्यानं तीनदा शिवला. दर वेळी मागं दुमडला की कुठंतरी कच्चकन दाबून फाटायचा. चौथ्यांदा त्यानं कात्री फेकली.

हाजराबाई बाहेर आली. “तुम्ही घडी करून नाई राह्यले,” ती म्हणाली. “तुम्ही बोचकं बांधून राह्यले.”

“मंग तू कर.”

तिनं कापड कमानीवर टाकलं, साबणाचा तुकडा घेतला आणि एक माणूस डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला उभा करून (डावीकडचा माणूस मी) कमानी अगदी सावकाश मागं न्यायला लावल्या. जिथं कापड आपणहून दुमडलं तिथं तिनं साबणाची रेघ मारली. कापडाला कुठं वाकायचं हे त्यालाच विचारलं तिनं. मग त्या रेघांवर आतून पट्टी शिवली, मधे इलॅस्टिक घातलं. बाहेरून काळं रेक्झिन, आतून राखाडी अस्तर, मागच्या खिडकीला जाड पारदर्शक प्लास्टिक आणि त्याला चेन. आधी डावी बाजू सोडायची, मग मधली कमान हातानं उचलायची, मग सगळा टप निजायचा, गाईचं वासरू बसतं तसा, पाय आत घेऊन.

टप तयार झाल्यावर एक दिवस मुश्ताकनं मला सांगितलं, हे सगळं कशासाठी ते.

सायमा दिली होती सिरोंच्याला. हाजराबाई लग्नानंतर पोरीच्या घरी एकदाही गेली नव्हती. तिला बंद गाडीत उलट्या होतात. एसटीत बसली की आष्टी यायच्या आत डोकं खिडकीबाहेर, आणि जीपमध्ये तर बसायच्या आधीच. सिरोंचा इथून कुठल्या कुठं, आलापल्लीच्या पुढं जंगलच जंगल. सायमाच इकडं यायची. पोरगी कुठं पाणी भरते, कोणत्या खिडकीतून तिला नदी दिसते, हे आईनं फक्त मोबाईलवर पाहिलं होतं.

“टप उघडा ठेवला की हवा लागते ना, इसरूभाऊ,” मुश्ताक म्हणाला. “मी तिले आष्टीवरून फिरवून आनलं काल. काही नाई झालं. गाणं म्हणत होती.”

मला खरं वाटेना. हाजराबाईला गाणं म्हणताना मी भिंतीतूनही कधी ऐकलं नव्हतं.

ठरलं होतं, दीपिकाचं लग्न झालं की सिरोंचा. दीपिकाला चंद्रपूरचा निकेश नावाचा मुलगा केला होता, बँकेत होता. लच्छू दुकानात आला, बाकावर बसला, म्हणाला, “अबे मुश्ताक, वरातीले गाडी पाह्यजे ना तुही. जावई उघड्या गाडीतून आला पाह्यजे.”

‘तुही’ म्हणाला, म्हणजे तुझी. लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

“हे काय सांगाची गोष्ट आहे?” मुश्ताक म्हणाला. “पोरगी माही नाई काय?”

लग्नाच्या आदल्या दिवशी दोघा नवरा-बायकोनं गाडी पुसून आरसा केली. हाजराबाईनं टपाच्या घडीवर झेंडूची माळ लावली, आणि रेक्झिनला भोक पडू नये म्हणून ती माळ सुईनं नाही, इलॅस्टिकनं बांधली. मुश्ताकच चालवत होता. मागच्या डिकीवर नवरदेव बसला होता, पुढं बँड. लोक नवरदेवाला सोडून गाडी पाहत होते. मुश्ताकची छाती अशी फुगली होती की शर्टाची गुंडी तुटते की काय असं मला वाटलं.

आमच्याकडं मांडवात आंदण मांडतात हे तुम्हाला ठाऊक असेल. बापानं पोरीला दिलेलं कपाट, फ्रिज, कूलर, भांडी, सगळं ओळीनं ठेवायचं आणि माईकवरून पुकारायचं, म्हणजे सोयऱ्यांना कळावं. जेवणाच्या पंगती चालू होत्या. मुश्ताक गाडीच्या मागं उकिडवा बसून टपाच्या घडीत अडकलेली झेंडूची पानं काढत होता. मी शेजारी उभा. माईकवाला घसा ताणून वाचत होता. कपाट झालं. सोफा झाला. मग म्हणाला,

“आणि वधूपिता लच्छूभाऊंकडून जावईबापूंना… लाल रंगाची… स्पोर्ट कार!”

टाळ्या पडल्या. मुश्ताकनं उठून मांडवाकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं. हातात फडकं होतं.

“कोनती लाल गाडी, इसरूभाऊ?” त्यानं मला विचारलं. “लच्छूनं नवी घेतली काय?”

तेवढ्यात लच्छू आला, फेटा बांधलेला, चारचौघं सोयरे सोबत, आणि हसत हात पुढं केला.

“चावी दे बे.”

मुश्ताकनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मी म्हटलं ना, आम्ही तोंड पाहून समजतो. त्यानं खिशातून चावी काढली आणि दिली. मांडवात, सोयऱ्यांसमोर, पोरीच्या लग्नात, दुसरं काय करणार होता तो? लच्छूनं ती चावी निकेशच्या हातात ठेवली, फोटो काढले. फोटोत मागं एक माणूस फडकं धरून उभा आहे, तो मुश्ताक. हाजराबाई आत दीपिकाची साडी सावरत होती. तिनं माईकवर ऐकलं. साडीची पिन तशीच हातात ठेवून ती मागच्या दारानं घरी गेली, जेवली नाही.

लच्छू लगेच आला नाही. पाहुणे पांगले, मांडव उतरला, तेव्हा आला आणि नेहमीसारखा बाकावर बसला. मुश्ताक एका ऑटोचा टप कापत होता. दुकानात दोन-तीन ऑटोवाले होते.

“काय बे, तोंड काऊन असं करून राह्यला?”

“गाडी मले वरातीसाठी मागितली होती तू,” मुश्ताक म्हणाला.

“अबे, पोरीलेच देली ना. तुही पोरगी नाई का ते? तूच तर म्हनते.”

“मंग मले सांगाचं होतं. मीच देली असती.”

“तू कसा देशीन?” लच्छू हसला. “गाडी माही, कागद माह्या नावाचे.”

कागद खरंच त्याच्याच नावाचे होते. मुश्ताकनं कधी मागितलेच नव्हते. मित्राजवळ कागद मागायचे म्हणजे, काय सांगू, आपल्या घरी जेवायला आलेल्याच्या खिशात चमचे तपासण्यासारखं.

“तू मले देली होती,” मुश्ताक म्हणाला.

“कवा देली? ‘देऊन राह्यलो’ म्हटलं होतं मी. ‘देली’ म्हटलं होतं काय? विचार इसरूभाऊले. इसरूभाऊ, सांगा, काय म्हटलं होतं मी?”

सगळे माझ्याकडं पाहू लागले. ऑटोवाले पण.

“देऊन राह्यलो, म्हटलं होतं,” मी म्हणालो.

“पाह्य!” लच्छूनं मांडीवर थाप मारली.

“पन ‘तुलेच’ म्हटलं होतं, लच्छू. ‘तुलेच देऊन राह्यलो’. देत असशील तर यालेच देत होता. जावई तवा कुठी होता?”

ऑटोवाले हसले. लच्छूला ते आवडलं नाही. तो उठला. “खर्च सांग, काय लागला तो. मी काय पळून जाऊन राह्यलो?”

मुश्ताकनं कात्री खाली ठेवली. मला वाटलं आता शिवी देईल, आणि द्यावी असं मलाही वाटत होतं. माझ्या जिभेवर दोन-तीन तयार होत्या, उसन्या दिल्या असत्या. पण तो म्हणाला,

“लच्छूभाऊ, तुम्ही आता जा. मले काम आहे.”

भाऊ म्हणाला. तुम्ही म्हणाला. बाहेरच्या माणसाला यात आदर दिसेल. लच्छूचं तोंड असं झालं, जसं कुणी भर बाजारात थोबाडीत दिली. चपला शोधायलाही त्याला वेळ लागला.

पुढं काही आठवडे गेले आणि दुकानापुढं लाल गाडी उभी राहिली. दीपिका आणि निकेश. टप अर्धा उभा, अर्धा मागं, घुबडाच्या पंखासारखा एका बाजूला लोंबत होता. निकेश बिचारा गोंधळला होता. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. म्हणाला, “चाचाजी, हे बंदच होत नाही. मी जोरानं ओढलं.”

“जोरानं नाई,” मुश्ताक म्हणाला. तो उठून गेला, टपाच्या कडेवर हात ठेवला. मधली कमान वाकली होती, ती त्यानं गुडघ्यावर धरून सरळ केली. फाटलेल्या जागी दोन टाके घातले. मग निकेशला दाखवलं, आधी डावी बाजू, मग मधली कमान, मग सगळं आपोआप. एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा निकेशकडून करून घेतलं. निकेश खूश होऊन चालवून पाहायला चौकापर्यंत गेला.

दीपिका थांबली होती. गळ्यात नवं मंगळसूत्र, पण उभी तशीच, शाळेत फळा पुसायचा राहून गेलेल्या पोरीसारखी.

“चाचा, एक विचारू?” ती म्हणाली. “बाबानं तुम्हाले विचारून देली ना गाडी? लग्नात कोनीतरी काहीबाही बोलत होतं. खरं सांगा. तुमची असन तर मी आत्ता इथीच ठेवून जातो. निकेशले मी सांगीन.”

हाजराबाई चहा घेऊन दारात आली होती. ती तिथंच उभी राहिली. मला सगळं दिसत होतं, बाकावरून सगळं दिसतं. पोरगी खरंच ठेवून गेली असती. मला तिचा स्वभाव ठाऊक आहे, हाजराबाईच्या हातची वाढलेली आहे. मुश्ताकनं नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं आणि गाडी परत दारात होती. सिरोंच्याचा रस्ता मोकळा होता. पण मग ती चंद्रपूरला जाऊन सासरी काय सांगणार? माझ्या बापानं मित्राची गाडी उचलून तुम्हाला दिली, असं?

“हाव बेटा,” मुश्ताक म्हणाला. “विचारून देली. मीच म्हटलं, दे.”

पोरीचं तोंड हलकं झालं. तिनं हाजराबाईच्या हातून चहा घेतला, बशीत ओतून प्यायली, माहेरी पितात तसा. निकेश आला, ती बसली, टप उघडा ठेवून ते गेले. तिनं वळून हात हलवला. मुश्ताकनंही हलवला.

हाजराबाई कप गोळा करत होती. कप गोळा करून झाले तरी ती आत गेली नाही.

“मले विचारलं होतं काय कोनी?” ती म्हणाली.

“आता पोरीसमोर मी काय…”

“लच्छूनं तुम्हाले नाई विचारलं. तुम्ही मले नाई विचारलं. टप माहा होता. अंगठ्याले अजून घट्टे आहे. तुम्ही हाव म्हटलं ना, त्याच्यात माहा टप बी देऊन टाकला.” तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. “तिले मी पन नाई म्हटलं नसतं. पन हाव म्हननारी मी होतो.”

मुश्ताक उभाच राहिला. लच्छूनं फसवलं तेव्हा तो असा दिसला नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदाच तिथून उठून माझ्या दुकानात गेलो आणि मुलाला म्हटलं, काही काम असेल तर सांग. मुलगा घाबरला, त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली.

पुढं लच्छूचा एक ट्रक ताडपत्रीच्या मापासाठी आला. बहुतेक पोरीनं घरी सांगितलं असेल, चाचानंच हो म्हटलं, आणि लच्छूला वाटलं असेल, मिटलं. मुश्ताक टेप घेऊन उठत होता, की राहू दे म्हणणार होता, मला कळलं नाही. हाजराबाई आतून बाहेर आली. बाहेरच्या गिऱ्हाइकाशी ती कधी बोलत नाही.

“ड्रायव्हरभाऊ,” ती म्हणाली, “ताडपत्री आता दुसरीकडं शिवाची. मालकाले सांगा, हाजराबाईनं सांगितलं.”

ड्रायव्हरनं मुश्ताककडं पाहिलं. मुश्ताकनं टेप गुंडाळून खिळ्याला अडकवला.

आणि मग एका सकाळी तीच म्हणाली, “चला, एसटीनं जाऊ.” मी सोडायला बसस्टँडवर गेलो. तिनं लिंबू घेतलं होतं, लवंगा घेतल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशव्यांची गड्डी घेतली होती, आणि सायमासाठी एवढं सामान घेतलं होतं की कंडक्टर म्हणाला, “चाची, घर बदलून राह्यले काय?” खिडकीजवळची जागा मिळाली. ती बसली, पदर नाकाला लावला. बस सुरू व्हायच्या आधीच तिचं तोंड उतरलं होतं. पण पाय तिनं घट्ट रोवले होते.

मुश्ताक शेजारी बसला. पुढच्या सीटचं रेक्झिन उसवलं होतं, आतला काथ्या बाहेर आला होता. जुन्या सवयीनं त्याचा अंगठा तिकडं गेला, काथ्या आत दाबून तो शिलाई चाचपू लागला.

“हात नका लावू त्याले,” हाजराबाई डोळे मिटूनच म्हणाली. “ते आपलं नाई.”

त्यानं हात मागं घेतला. कंडक्टरनं घंटी मारली.